जाहीर व्याख्यानात "हे कसं कळलं" ते का सांगत नाहीत? (वनस्पतीशास्त्र, पर्यावरण आणि विद्यापीठातले सेमिनार)

पायवाट

नमस्कार मंडळी,
बरेच दिवस मनात होतं, आज लिहूनच टाकतो. मी विज्ञानातला नाही, काम हिशेब तपासण्याचं, जीवशास्त्र शाळेतच मागे पडलं. पण गेली दोन वर्षं विद्यापीठात झाडं, जंगलं, हवामान, माती यावर जे काही सगळ्यांसाठी खुलं असतं त्याला मी जातो, जमलं तर प्रत्यक्ष नाहीतर ऑनलाइन, अशी तीसेक तरी ऐकून झाली असतील आणि आता त्यातले दोन प्रकार मला लांबून ओळखू येतात.

एक म्हणजे जाहीर व्याख्यान. मोठं सभागृह, सुंदर फोटो, वक्ता बोलायला गोड, तासाभरात जंगल किती घटलं, तापमान किती वाढलं, कुठल्या प्रजाती धोक्यात आहेत असे आकडे भराभर येतात आणि शेवटच्या स्लाइडवर ओंजळीतलं रोपटं. टाळ्या. दुसरा म्हणजे डिपार्टमेंटचा सेमिनार. छोटी खोली, वीस-पंचवीस माणसं, दारावर कागद असतो "सर्वांसाठी खुला", पण बाहेरचं कुणी आलेलं नसतं. पहिली दहा मिनिटं कळतं, मग तीन-तीन अक्षरांचे शॉर्टफॉर्म सुरू झाले की माझा धागा तुटतो. तरी खरं सांगतो, मला या दुसऱ्या प्रकारातच जास्त मिळतं, कारण तिथं माणूस सांगत असतो की हे मी मोजलं कसं, कुठे चुकलं, आणि हा आकडा कुठवर ताणायचा. जाहीर व्याख्यानात नेमकं तेवढंच गाळलेलं असतं. आम्ही हिशेबात नुसती बेरीज बघून सही करत नाही, व्हाउचर मागतो. इथं व्हाउचर कुणी दाखवतच नाही.

एक अपवाद सांगतो, त्यावरूनच हा धागा सुचला. एका व्याख्यानाला आलेल्या बाईंनी पहिली वीस मिनिटं प्रोजेक्टर लावलाच नाही. प्रत्येक रांगेत पानं फिरवली, पानाच्या खालच्या बाजूला आधीच पारदर्शक नेलपॉलिश लावून वाळवलेलं होतं, त्यावर चिकटपट्टी दाबायची, अलगद सोलायची, काचेच्या पट्टीवर चिकटवायची आणि पुढं टेबलावर ठेवलेल्या मायक्रोस्कोपखाली बघायची. मी डोळा लावला तर समोर पाकळ्यांसारखी एकमेकींत गुंतलेली पेशींची नक्षी आणि मधेमधे छोटे छोटे मिटलेले ओठ. ती पर्णरंध्रं. पान तिथून श्वास घेतं. मग त्या म्हणाल्या की आता एका चौकटीत किती दिसतात ते मोजा, आणि सगळं सभागृह मोजायला लागलं!! शेजारच्या आजोबांचे आणि माझे आकडे जुळेनात, तर त्यांनी तेच पकडलं, म्हणाल्या जुळणार नाहीतच, म्हणून तर आम्ही खूप पानं घेतो आणि सरासरी काढतो. एवढं झाल्यावर सांगितलं की १९८७ साली वुडवर्ड नावाच्या शास्त्रज्ञांनी हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवून कागदावर लावलेल्या जुन्या नमुन्यांच्या संग्रहात, दोनेकशे वर्षांतली पानं काढून हीच मोजणी केली आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढत गेला तशी रंध्रांची दाटी सुमारे ४० टक्क्यांनी कमी झालेली दिसली. त्या क्षणी तो आकडा माझा झाला, कारण पाच मिनिटांपूर्वी मी स्वतः मोजत होतो.

तर विचारायचं हे की असं सगळे का करत नाहीत? आणि माझ्यासारख्याने डिपार्टमेंटच्या सेमिनारला जाऊन बसायचं तर तयारी काय करावी? तुमचे अनुभवही लिहा, चांगले-वाईट दोन्ही.

झिम्मड

रुमाल टाकून ठेवते, सवडीने लिहीन. पण आजोबांचा आकडा न जुळणं हा भाग फार आवडला.

पर्णरंध्र

आयडी बघून कळलंच असेल की मला राहवणार नाही :) मी वनस्पतींच्या शरीरक्रियेवर पीएचडी करतेय, चौथं वर्ष.

आधी एक, तुम्ही व्हाउचर म्हणालात, आमच्याकडेही तोच शब्द आहे! एखाद्या झाडावर अभ्यास केला की त्याची फांदी वाळवून, तारीख-ठिकाण लिहून हर्बेरियमला जमा करतात, तिला व्हाउचर स्पेसिमेनच म्हणतात. उद्या कुणाला शंका आली की ही प्रजाती तीच होती का, तर नमुना काढून बघता येतो. वुडवर्ड यांनी जी पानं वापरली ती जमा करणाऱ्यांच्या मनातही नसेल की पुढे त्यावरून कुणी कार्बन डायऑक्साइडचा हिशेब मांडेल.

सेमिनारबद्दल. तिथं बाहेरच्यांना अवघड जातं याचं मुख्य कारण म्हणजे बोलणारा बाहेरच्यांसाठी बोलतच नसतो, तो खोलीतल्या चार-पाच जणांसाठी बोलत असतो जे त्याला अडचणीत आणू शकतात. शिवाय बरेचदा डेटा अजून छापून आलेला नसतो, म्हणून फोटो काढू नका वगैरे सांगतात, त्याचा राग मानू नका.

तयारी म्हणाल तर सारांश आधी मागवून वाचा, त्यातले दोनच शब्द शोधा, सगळे नको. आणि ग्राफ आला की रेघेकडे बघायच्या आधी दोन्ही अक्षांवर काय लिहिलंय ते बघा. निम्मं तिथंच कळतं. मग विचारा की कंट्रोल काय होता, म्हणजे ज्या झाडांना काहीच केलं नाही ती कुठे आहेत. हा प्रश्न कधीच वाया जात नाही.

आता मोजणं कसं असतं त्याचं माझं उदाहरण देते. झाडाला तहान किती लागलीय हे बघायला आमच्याकडे प्रेशर चेंबर असतो. जाड धातूचं भांडं, झाकणात रबरी बूच, पान आत आणि कापलेला देठ तेवढा बाहेर. आत हळूहळू नायट्रोजनचा दाब वाढवायचा आणि भिंगातून देठाच्या कापावर नजर ठेवायची. कोरडा, कोरडा, कोरडा, आणि अचानक तो काप ओला होतो, चमकतो. त्या क्षणीचा दाब लिहायचा. जितका जास्त दाब लागला तितकं झाड पाण्याला जास्त ओढ देऊन बसलंय. हे आम्ही पहाटे उजाडायच्या आत करतो कारण रात्रभर रंध्रं मिटलेली असतात, तोवर झाडातलं पाणी आणि मुळांजवळच्या मातीतलं पाणी बरोबरीला आलेलं असतं. ही पद्धत गाजली ती १९६५ च्या शोलँडर आणि सहकाऱ्यांच्या पेपरमुळे, त्यांनी उंच झाडांच्या शेंड्याकडच्या फांद्या चक्क रायफलने पाडून मोजल्या होत्या.

माझ्या सेमिनारमध्ये ही पहाट एका ओळीत येते, "पहाटेचा जलविभव मोजला". बस्स. तुमचा धागा वाचून वाटलं की निदान एक फोटो तरी लावायला हवा.

थेंबभर

मी थोडं वेगळं बोलणार आहे, राग नसावा. जाहीर व्याख्यानाला येणारा माणूस दमून-भागून आलेला असतो, त्याला एक तास मिळालाय. त्या तासात त्याला देठाचा काप कधी ओला होतो ते सांगायचं की जग कुठे चाललंय आणि त्याने काय करावं ते सांगायचं? वेळ कमी आहे हो. पद्धत ही शास्त्रज्ञांनी आपसात तपासावी, त्यासाठीच तर ते आहेत. आपण डॉक्टरकडे गेलो की लॅबमधलं मशीन कसं चालतं ते विचारत नाही.

पायवाट

थेंबभर, राग अजिबात नाही, उलट हाच मुद्दा कुणीतरी मांडायला हवा होता. पण डॉक्टरचं उदाहरण घेतलं तरी, मोठं ऑपरेशन सांगितलं की मी विचारतोच ना, रिपोर्टमध्ये काय दिसलं, दुसऱ्या डॉक्टरचं मत काय. आणि पर्यावरणाच्या व्याख्यानात सांगितलेलं काम लहान नसतं, राहणी बदला म्हणतात, उद्योग बदला म्हणतात. ते मला पटतं, करायचंही आहे. पण उद्या कुणी उलटं सांगणारा भेटला तर माझ्याकडे उत्तर काय? "एका व्याख्यानात ऐकलं होतं" एवढंच.

निवृत्त मास्तर

धागाकर्त्याचं अभिनंदन. तीसेक वर्षं वनस्पतीशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. थोडं मागचं सांगतो कारण आपल्या विषयाची मुळंच व्याख्यानांत आहेत.

मेंडेलने वाटाण्यावरचं काम जगापुढे आणलं ते व्याख्यानातून. ब्र्युन गावच्या निसर्ग-अभ्यास मंडळात, १८६५ साली ८ फेब्रुवारीला आणि ८ मार्चला, अशा दोन सभांत. आठ वर्षांचं काम, सात गुणधर्म, हजारो रोपं. नुसतं "तीनास एक" सांगून तो थांबला नाही, गोल वाटाणे ५४७४ आणि सुरकुतलेले १८५० असे मोजून मांडले. भागून बघा, २.९६ येतं, बरोबर ३ येत नाही. मी वर्गात मुलांना आधी हे दोन आकडे द्यायचो आणि म्हणायचो, तुम्ही सांगा काय दिसतं. १८६६ मध्ये ते छापून आलं आणि लोकांना त्याची खरी किंमत कळायला १९०० उजाडलं. पण आकडे कागदावर होते म्हणून १९०० साली परत उभं राहता आलं. नुसता निष्कर्ष सांगितला असता तर काय उरलं असतं?

दुसरं उदाहरण पर्यावरणाचं. युनिस फूट या बाईंनी काचेच्या दोन सारख्या नळकांड्या घेतल्या, साधारण ४ इंच रुंद आणि ३० इंच लांब, आत थर्मामीटर, वेगवेगळे वायू भरून उन्हात ठेवल्या. कार्बन डायऑक्साइडची नळी सगळ्यात जास्त तापली आणि सावलीत नेल्यावर निवायलाही फार वेळ लागला. हा निबंध १८५६ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत ऑल्बनीच्या विज्ञान परिषदेत वाचला गेला, पण तो वाचला जोसेफ हेन्री यांनी, बाईंनी स्वतः नाही. असा वायू हवेत वाढला तर पृथ्वी जास्त गरम असेल हेही त्यात लिहिलं होतं. पुढे १८५९ मध्ये टिंडल यांनी नेमकी उष्णतेची अदृश्य किरणं हे वायू शोषतात हे वेगळं काढून दाखवलं, ते फूट यांच्या प्रयोगातून कळत नव्हतं. एक पायरी, मग दुसरी पायरी. थेंबभर, दोन नळ्यांची ही गोष्ट सांगायला चार मिनिटं लागतात आणि घरी गेल्यावर ऐकणारा ती दुसऱ्याला सांगू शकतो. वेळ कमी आहे म्हणूनच ती सांगावी असं मला वाटतं.

उंबरठा

मास्तर, तुमचे ते दोन आकडे उद्याच वर्गात वापरणार.

मी शाळेत शिकवते. मुलांना घेऊन अशा व्याख्यानांना गेले की प्रश्नोत्तरांत तेच तीन प्रश्न येतात, मोठी माणसंही तेच विचारतात: अमुक झाड रात्रीही ऑक्सिजन देतं का, घरात कुंड्या ठेवल्या की हवा शुद्ध होते का, आणि अॅमेझॉनचं जंगल जगाला २० टक्के ऑक्सिजन देतं ना. बरेच वक्ते हसून "हो, झाडं लावाच" म्हणतात आणि पुढे जातात. मला ते फार लागतं, कारण तिन्ही प्रश्नांत शिकवण्यासारखं किती आहे!

ऑक्सिजन येतो तो पाणी फुटून, आणि पाणी फुटायला उजेड लागतो. १९४१ साली रूबेन आणि केमन यांनी जड ऑक्सिजन (नेहमीपेक्षा वजनदार अणूंचा, म्हणून ओळखता येणारा) असलेलं पाणी देऊन बाहेर पडणाऱ्या वायूत तोच जड ऑक्सिजन येतो हे दाखवलं. काही झाडं, कोरफड-निवडुंगासारखी, रात्री रंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेऊन आम्लाच्या रूपात साठवतात हे खरं, पण ऑक्सिजन दिवसाच सोडतात. कुंड्यांचं म्हणाल तर १९८९ चा नासाचा जो अभ्यास सगळे सांगतात तो छोट्या बंद पेटीतला होता. घरात हवा सतत आत-बाहेर होत असते. २०१९ मध्ये असे जुने प्रयोग एकत्र तपासले तेव्हा निघालं की खिडकीच्या वाऱ्याची बरोबरी करायला दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील. आणि अॅमेझॉन जेवढा ऑक्सिजन बनवतं जवळपास तेवढाच तिथली झाडं, किडे, बुरशी, जिवाणू वापरून टाकतात. ते जंगल वाचवायची कारणं भक्कम आहेत, पाऊस आहे, साठलेला कार्बन आहे, तिथले जीव आहेत. चुकीच्या कारणावर उभं केलं की एक दिवस मुलाला खरं कळतं आणि मग तो सगळंच नाकारतो. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

झिम्मड

+१ उंबरठा. शेवटच्या दोन वाक्यांसाठी दहा वेळा.

कोवळी पालवी

मला एक विचारायचंय, जरा भीतभीत. दोनेक वर्षांपूर्वी एक व्याख्यान ऐकलं, झाडं जमिनीखालून बुरशीच्या धाग्यांनी एकमेकांशी जोडलेली असतात, आई-झाड आपल्या पिल्लांना ओळखून खाऊ पुरवतं, मरताना शेजाऱ्यांना देऊन जातं. मी रडले होते त्या दिवशी, खोटं नाही सांगत, तेव्हाच आई गेली होती माझी. तेव्हापासून झाडांकडे बघायची नजरच बदलली. आता कुठेतरी वाचलं की हे सगळं खरं नाही. म्हणजे नक्की काय समजू?

पर्णरंध्र

कोवळी पालवी, आईचं वाचून वाईट वाटलं. तुम्ही बरोबर ठिकाणी विचारलंत. नीट सांगायचा प्रयत्न करते कारण यात खरं आणि ताणलेलं असं दोन्ही आहे.

खरं काय: बहुतेक झाडांच्या मुळांशी बुरशीची भागीदारी असते, बुरशी पाणी-फॉस्फरस आणून देते आणि झाड तिला साखर देतं, यात वादच नाही. १९९७ मध्ये सुझान सिमार्ड आणि सहकाऱ्यांनी जंगलात शेजारी-शेजारी लावलेल्या बर्च आणि डग्लस फरच्या रोपांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या, एकीत कार्बनचा एक प्रकार सोडला आणि दुसरीत दुसरा, आणि नंतर मोजलं की इकडचा कार्बन तिकडे गेलाय का. गेला होता, दोन्ही बाजूंना, आणि फरकडे जरा जास्त. शेजारी सीडरचं रोपही होतं, त्याची बुरशी वेगळ्या जातीची, या दोघांशी न जुळणारी. हा त्यांचा कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी जाळ्याबाहेरचं रोप. किती सुंदर विचार केलाय बघा.

पण त्यानंतर जे व्याख्यानांतून पसरलं ते याच्या फार पुढे गेलं. २०२३ मध्ये कार्स्ट, जोन्स आणि होक्सेमा या तिघांनी, जे स्वतः याच विषयात वर्षानुवर्षं काम करतात, सगळा पुरावा परत तपासला. त्यांचं म्हणणं असं की असं जाळं प्रत्यक्ष जंगलात किती ठिकाणी सिद्ध झालंय तर फार थोड्या, कार्बन गेला तो बुरशीतूनच गेला की मातीतल्या पाण्यातून हे वेगळं काढणं अवघड आहे, आणि मोठं झाड आपल्याच पिल्लाला ओळखून जाळ्यातून जास्त देतं याला जंगलातल्या प्रयोगाचा छापील आधार नाही. म्हणजे असं होत नाही हे सिद्ध झालंय असं नाही, होतं असं दाखवून झालेलं नाही. हा फरक व्याख्यानात सांगितला असता तर तुम्हाला आज फसल्यासारखं वाटलं नसतं.

तुमची नजर बदलली ती खोटी नाही हो. मुळाचं टोक भिंगाखाली धरलं तर त्यावर बुरशीचं पांढरं मऊ आवरण दिसतं, मोजा घातल्यासारखं. ते मी रोज बघते आणि रोज आवडतं.

कोवळी पालवी

खूप खूप आभार. दोनदा वाचलं. थोडं हललं आत काहीतरी पण बरं वाटलं. ती पिशव्यांची गोष्ट त्या व्याख्यानात कुणी सांगितलीच नव्हती, आणि मला तर तीच जास्त आवडली.

नदीकाठ

उशिरा आलो धाग्यावर. मी पर्यावरणशास्त्रात शिकवतो, जाहीर व्याख्यानंही देतो, त्यामुळे दुसऱ्या बाजूने बोलतो.

आम्हाला बोलावणाऱ्यांकडून एकच सूचना असते, ग्राफ कमी करा, लोकांना झेपत नाहीत. मी ती बरीच वर्षं पाळली. मग एकदा ठरवून एकच ग्राफ घेऊन गेलो, हवाईच्या मौना लोआ डोंगरावर कीलिंग या शास्त्रज्ञाने सुरू केलेल्या, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडच्या मोजणीचा. मार्च १९५८ पासूनची मोजणी, सुरुवात ३१३ पीपीएमच्या (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ३१३ भाग) आसपास, मे २०१३ मध्ये पहिल्यांदा एका दिवसाची सरासरी ४०० च्या वर, आता ४२० ओलांडून गेलंय. पण मी चढण दाखवायच्या आधी फक्त पहिली दोन वर्षं दाखवली आणि विचारलं, ही रेघ वर-खाली का होतेय? मे महिन्यात टोक, मग उतरते, सप्टेंबर-ऑक्टोबरात तळ, परत चढते. पाच मिनिटं कुणाला कळेना, मग मागून एका मुलीने विचारलं "पानं?" बरोबर! उत्तर गोलार्धात जमीन जास्त, तिथं उन्हाळ्यात पालवी भरते आणि सगळी झाडं मिळून हवेतून कार्बन ओढून घेतात, हिवाळ्यात ती पानं कुजतात आणि तो परत जातो. अख्ख्या गोलार्धाचा श्वास एका रेघेत. त्यानंतर मी पूर्ण साठ वर्षं उघडली आणि सभागृहात जी शांतता झाली ती कुठल्याच जळत्या जंगलाच्या फोटोने कधी झाली नव्हती.

थेंबभर, तुमची घाई मला कळते, मलाही रात्री झोप लागत नाही कधीकधी. पण झाडं लावा म्हणतानाच बघा. २०१९ च्या जुलैमध्ये एक पेपर आला, जगात ९० कोटी हेक्टरवर झाडं वाढवता येतील आणि ती २०५ अब्ज टन कार्बन धरतील. आकडा जगभर गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याच मासिकात बऱ्याच शास्त्रज्ञांनी लिहिलं की हा अंदाज साधारण पाचपट जास्त आहे, त्यात मातीत आधीच असलेला कार्बन नीट धरलेला नाही आणि नैसर्गिक गवताळ प्रदेशही झाडं लावायची जागा म्हणून मोजलेत. गवताळ रान म्हणजे ओसाड जमीन नव्हे, तिथं झाडं लावली की तिथलं जे आहे ते मरतं. मी स्वतः २०५ ची स्लाइड एका व्याख्यानात वापरून बसलो होतो, पुढच्या व्याख्यानात दोन्ही बाजू मांडल्या आणि आधीच्या वेळी अर्धंच सांगितलं होतं हे कबूल केलं. त्या दिवशी प्रश्न दुप्पट आले.

थेंबभर

नदीकाठ, गवताळ रानाचं मला माहीत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी आमच्या गटाने अशाच एका माळावर रोपं लावली आहेत, आता जाऊन विचारावं लागेल कुणालातरी. घाईचा मुद्दा मी सोडत नाहीये, पण हे लागलं.

मागची रांग

मी डिपार्टमेंटमध्ये सेमिनार लावण्याचं काम बघतो, तेव्हा पडद्यामागचं थोडं सांगतो. प्रश्नोत्तरांना वेळ उरत नाही ही खरी अडचण. वक्त्याला ४५ मिनिटं दिली की तो ५५ घेतो, प्रास्ताविक लांबतं, आणि प्रश्न दोन होतात तेही पहिल्या रांगेतल्या प्रोफेसरांचे. आम्ही मागच्या वर्षी दोन बदल केले. बोलायला ३५ मिनिटं, आणि पहिला प्रश्न विद्यार्थ्याचा किंवा बाहेरून आलेल्याचा, तो येईपर्यंत थांबायचं. पहिल्या दोन-तीन वेळा अवघडल्यासारखी शांतता झाली. आता लोक तयारीने येतात.

सगळ्यात चांगला सेमिनार विचाराल तर ज्या दिवशी प्रोजेक्टर बंद पडला तो. पाहुण्या बाई पानाच्या आतल्या वाहिन्यांवर बोलणार होत्या. दहा मिनिटं खटपट करून आम्ही हात टेकले, तर त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर मक्याच्या पानाचा आडवा छेद काढला, शिरेभोवती पेशींचं एक कडं, त्याभोवती दुसरं. एकेक पेशी काढत सांगत होत्या की कार्बन डायऑक्साइड आधी बाहेरच्या कड्यात धरला जातो, मग आतल्या कड्यात नेऊन सोडतात, तिथं तो इतका दाट होतो की रुबिस्कोला, म्हणजे कार्बन डायऑक्साइड पकडणाऱ्या प्रथिनाला, चुकून ऑक्सिजन पकडायची संधीच मिळत नाही. चित्र पूर्ण व्हायला जितका वेळ लागला तितकाच ऐकणाऱ्याला समजायला लागतो हे मला त्या दिवशी कळलं. फळा आम्ही आठवडाभर पुसला नाही.

निवृत्त मास्तर

मागची रांग, वा! मक्यावरून आठवलं म्हणून लिहितो, कारण धाग्यात एकच बाजू होऊ नये. १९५१ साली कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या परिषदेत बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्याच्या दाण्यांवरच्या ठिपक्यांवरून जनुकं जागा बदलतात हे मांडलं. पुरावा ढीगभर दिला, वर्षानुवर्षांची निरीक्षणं, आणि समोरचे स्वतः अनुवंशशास्त्रज्ञ, तरी बहुतेकांना ते उमगलं नाही. नोबेल मिळालं १९८३ साली. तेव्हा नुसती पद्धत ओतूनही चालत नाही, ऐकणाऱ्याला हाताला धरून तिथवर न्यावं लागतं. नेलपॉलिशवाल्या बाईंनी आणि नदीकाठ यांनी तेच केलं.

आणि जाहीर व्याख्यान म्हणजे दुय्यम काम असं समजणाऱ्यांसाठी, जगदीशचंद्र बोस यांनी ३० नोव्हेंबर १९१७ ला कोलकात्यात संस्था उघडली तेव्हा उद्घाटनाच्या भाषणातच सांगितलं होतं की इथं दुसऱ्यांचं ऐकीव ज्ञान परत सांगायचं नाही, इथं लागलेले नवे शोध दीड हजार श्रोत्यांसमोर पहिल्यांदा प्रयोगासकट मांडायचे. झाडाची वाढ लाखोपटींनी मोठी करून दाखवणारं क्रेस्कोग्राफ यंत्र त्यांचंच. शोध आणि श्रोते एकाच छताखाली, शंभराहून जास्त वर्षांपूर्वी.

पायवाट

मंडळी, कालच एका सेमिनारला जाऊन आलो, तुमच्या सगळ्यांच्या जोरावर. विषय दुष्काळात मुळं किती खोल जातात. पर्णरंध्र यांनी सांगितलं तसं सारांश आधी वाचला, दोन शब्द शोधले, ग्राफ आला की आधी अक्ष बघितले. चाळीस मिनिटांतली पंचवीस तरी कळली, पूर्वी दहा कळायची.

प्रश्नोत्तरांत हात वर केला, आयुष्यात पहिल्यांदा. आवाज कापत होता. विचारलं की ही सगळी रोपं कुंडीत वाढवलेली आहेत, मग कुंडीतलं मूळ आणि मोकळ्या जमिनीतलं मूळ सारखं वागतं हे कसं कळलं? खोलीत दोघं-तिघं मागे वळून बघायला लागली, मला वाटलं काहीतरी चुकीचं बोललो. पण वक्ता, तरुण मुलगा, क्षणभर थांबला आणि म्हणाला की माझ्या कामातली सगळ्यात कच्ची जागा हीच आहे. मग शेवटच्या स्लाइडच्या पुढे ठेवलेली एक जादा स्लाइड उघडली. २०१२ साली ६५ अभ्यास एकत्र करून दाखवलंय म्हणे की कुंडीचं आकारमान दुप्पट केलं की रोपाचं वजन सरासरी ४३ टक्क्यांनी जास्त भरतं, म्हणजे आपण ज्याला झाडाची वाढ समजतो त्यात कुंडीचाही वाटा असतो. म्हणून त्याने थोडी रोपं मीटरभर उंच नळ्यांमध्ये वेगळी लावली आहेत, त्यांचा निकाल अजून यायचाय. सेमिनार संपल्यावर तो स्वतः माझ्याकडे आला, विचारलं कुठल्या लॅबमध्ये असता. हिशेब तपासतो म्हटल्यावर म्हणाला, पुढच्या महिन्यात नळ्या उघडून मुळं धुणार आहोत, बघायला या.

मी जाणार आहे. आणखी काय बघू, काय विचारू ते सांगून ठेवा.

उंबरठा

वाह पायवाट!! वाचताना माझाच हात वर गेला. तिथं मुलं चालतात का विचाराल का? चार-पाचच आणीन.

पर्णरंध्र

फार छान वाटलं. मुळं धुताना जा म्हणजे जाच, तासन्‌तास चालतं, पाण्याच्या बारीक धारेखाली चाळणीवर, आणि त्याच वेळी माणसं मोकळेपणी बोलतात. कपडे जुने घाला. नळीतली रोपं बघायच्या आधी त्याला एक साधी कुंडी उलटी करायला सांगा आणि तळ बघा, मुळं भिंतीला लागून गोल गोल वेटोळी घालून बसलेली असतील. मग नळीतलं मूळ बघा. दोन्हींचा फोटो शेजारी-शेजारी ठेवून काढा, पट्टी बाजूला ठेवायला विसरू नका, आणि त्याची परवानगी मिळाली तर इथं टाका.